अवेळी लागणारा डाग : न विचारलेल्या एका प्रश्नाचा इतिहास



आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण सिंदखेड राजापासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मगावी माणसांची रीघ लागते. त्या माऊलीपुढे आपण हात जोडतो. पण त्या काळापासून आजपर्यंत या मुलखात ज्या लाखो आया नांदल्या, त्यांना काय दुखले, ते त्यांनी कोणाला सांगितले आणि कोणी ऐकून घेतले, याची नोंद बखरीत नाही, महसुलाच्या कागदात नाही आणि पोवाड्यातही नाही. लढायांचा, तहांचा, दुष्काळांचा जसा इतिहास असतो, तसा दुखण्यांचाही असतो. त्यातले एक लहानसे पान आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे. बाईची पाळी येऊन गेली, पुढची यायला अजून दहापंधरा दिवस आहेत, आणि मधेच लुगड्याला रक्ताचा डाग लागतो. कधी दोन थेंब, कधी तपकिरी ओल, कधी एकदोन दिवस थोडे थोडे अंगावरून जाते. याला आपण अवेळीचा डाग म्हणू. इतिहास शिकवणाऱ्याने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की या डागाची कारणे माणसाला एका दिवसात कळलेली नाहीत. ती एकेक करून, फार हळूहळू कळली. आणि जेव्हा कळली, तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी बाईला नीट विचारले होते आणि नीट तपासले होते. जिथे विचारले नाही तिथे साधे दुखणे भय होऊन बसले, आणि भयाचे दुखणे साधे समजून अंगावर काढले गेले.

आधी जुने पाहू. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांना हा विकार ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असृग्दर नावाच्या विकाराचे वर्णन आहे. रक्त फार जाणे हे त्याचे लक्षण सांगितले आहेच. पण ऋतूचा काळ नसताना रक्त जाणे हेही त्यातच धरले आहे. चरकसंहितेत याला प्रदर म्हटले आहे आणि वात, पित्त, कफ यांप्रमाणे त्याचे प्रकार पाडले आहेत. आपल्याकडची वडीलधारी माणसे "लाल प्रदर", "पांढरा प्रदर" असे शब्द वापरतात, ते या जुन्या विद्येतूनच झिरपत खेड्यापर्यंत आलेले आहेत. वेळेवर जाणारे रक्त वेगळे आणि अवेळी जाणारे वेगळे, हा भेद इतक्या प्राचीन काळी केला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ग्रंथात शब्द असला तरी घरात त्याला वाट नव्हती. घरात विटाळ होता. पाळीच्या दिवसांत बाई "बाहेरची" व्हायची. लेकराने विचारले तर "कावळा शिवला" म्हणून सांगायचे. आता असे पाहा, चार दिवस बाजूला बसून, न्हाऊन घरात आलेल्या बाईला दहाव्या दिवशी पुन्हा डाग लागला, तर तिने काय करायचे? सांगितले तर पुन्हा बाजूला बसणे आले, चूल अडली, सासूचे बोलणे आले, निंदणीचा रोज बुडाला. त्यापेक्षा फडके गुपचूप धुऊन टाकणे सोपे. म्हणून जो डाग वैद्याच्या कानावर जायला हवा होता, तो नदीच्या पाण्यात धुतला गेला. "कोणाले सांगू माय?" हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातल्या बाईने किती पिढ्या मनातल्या मनात विचारला असेल, त्याचा हिशेब नाही.

तिकडे युरोपातही फार उजेड होता असे समजू नये. १६७२ साली हॉलंडमधील रेनिअर द ग्राफ याने स्त्रीच्या बीजकोशातील लहान लहान पुटिकांचे वर्णन केले. १८२७ साली फॉन बेअर याने सूक्ष्मदर्शकाखाली कुत्रीचे बीज पाहिले. पण बाईचे बीज महिन्यातून नेमके केव्हा सुटते, हे पुढे शंभर वर्षे नीट कळले नव्हते. जनावरांचा माज पाहून त्या वेळच्या पुष्कळ डॉक्टरांनी अंदाज केला की बाईचेही बीज पाळीच्याच दिवसांत सुटत असावे. त्या हिशेबाने, ज्यांना मूल नको आहे त्यांना ते दोन पाळ्यांमधले दिवस निर्धास्त म्हणून सांगत. म्हणजे गर्भ राहण्याचा ज्या दिवसांत सर्वांत अधिक संभव, नेमके तेच दिवस त्यांनी सुरक्षित ठरवले होते!

ही गाठ सुटली ती १९२० नंतर. जपानमधील निईगाता शहरातले डॉक्टर क्युसाकु ओगिनो यांची रीत अगदी साधी होती. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते बीजकोश डोळ्यांनी पाहत आणि त्याच बाईला तिच्या पाळीच्या तारखा विचारून टिपून ठेवत. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसले की बीज पुढच्या पाळीच्या आधी सुमारे १२ ते १६ दिवस सुटते. १९२४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ऑस्ट्रियातील क्नाउस हेही त्याच दशकाच्या शेवटी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. इतके मोठे कोडे सुटले ते तारखा विचारल्यामुळे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच शोधाने अवेळीच्या डागाचे पहिले आणि सर्वांत निरुपद्रवी कारण उलगडले. बीज सुटते त्या सुमारास अंगातल्या एका संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे, प्रमाण थोडा वेळ खाली येते. गर्भाशयाच्या आतले अस्तर त्या हार्मोनच्या आधारावर उभे असते. आधार क्षणभर ढिला झाला की अस्तराचा थोडासा भाग सुटतो आणि एखादा डाग लागतो. पाळीच्या साधारण मध्यावर, एकदोन दिवस, अगदी थोडे, आणि आपोआप थांबणारे, अशी त्याची खूण आहे. काही बायकांना त्याच वेळी ओटीपोटात एका बाजूला किंचित दुखते. यात रोग नाही. तथापि हे ओळखायला तारीख माहीत हवी, आणि तारखेची खूण करून ठेवायची सवय हवी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला. वऱ्हाडच्या कापसाची गाठ त्या वाटेने मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागली. कापसाच्या गाठीला वाट लवकर सापडली. बाईच्या दुखण्याला दवाखान्याची वाट सापडायला फार वेळ लागला. पुरुष डॉक्टरकडे बाई जात नसे, आणि बाई डॉक्टर देशात नव्हतीच. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवसांत गेले. १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, भरसभेत त्यांनी आपण अमेरिकेला का जाणार ते सांगितले. या देशातल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागोमाग डॉक्टर रखमाबाईंनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९४ साली पात्रता मिळवली आणि सुरत व राजकोट येथे कित्येक वर्षे बायकांची सेवा केली.

याच सुमारास, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांच्या औषधोपचारासाठी एक निधी उभा केला. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे बायकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरही बायकाच असाव्यात असा नियम होता. आपल्या वऱ्हाडात अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी अद्याप "डफरीन" आहे आणि अकोल्याचे "लेडी हार्डिंग". बाईच्या दुखण्यासाठी वेगळी जागा, वेगळा पडदा आणि ऐकून घेणारी बाई, ही कल्पना आपल्या भागात अशी रुजली. पण मेहकर किंवा संग्रामपूरच्या खेड्यातून तिथवर पोचणे हा बहुतेक बायकांना परदेशच होता. बाळंतपण अडले तर कोणी नेईल. डाग लागला म्हणून कोण गाडी जुंपील?

मराठीत या गोष्टी उघडपणे लिहिण्याचे धैर्य ज्यांनी केले त्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवले. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि खटलेही सोसावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांची सगळीच मते सर्वांना पटतील असे नाही. पण शरीराविषयी मराठीत, शास्त्राच्या आधाराने, न लाजता बोलता येते, एवढे त्यांनी सिद्ध करून दाखवले.

संततिनियमन पुढे सरकारी धोरण झाले, आणि तिथे अवेळीच्या डागाने एक मोठा धडा शिकवला. १९६५ साली देशभर "लूप" बसवण्याची मोहीम निघाली. प्लॅस्टिकची ती नागमोडी वस्तू अमेरिकेतील डॉक्टर लिपिस यांनी तयार केली होती. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत लाखो बायकांना ती बसवली गेली. मग आकडे घसरू लागले. कारण काय? लूप बसवल्यावर काही महिने मधेमधे डाग लागतो, पाळीला जास्त जाते, हे बायकांना आधी कोणी नीट सांगितले नव्हते, आणि नंतर पुन्हा येऊन कोणी विचारले नव्हते. डाग दिसला, बाई घाबरली, शेजारणीला कुजबुजली, आणि गावभर झाले की लूपने बाई मरते. वस्तू तशी फारशी वाईट नव्हती. पण उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत दोन मिनिटांचे बोलणे राहून गेले, आणि त्या न बोलण्याने मोहीम पांगळी झाली.

आजही हे कारण तितकेच खरे आहे. लूपच्या जागी तांबी आली. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधून मधून डाग लागू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या दोनतीन महिन्यांतही तसेच होते. आणि गोळी एखाददुसऱ्या दिवशी विसरली तर पुष्कळदा होते. २०१७ पासून सरकारी दवाखान्यातून "अंतरा" नावाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळू लागले, त्यानेही पाळीचा क्रम बिघडतो व डाग लागतात. बहुधा ते पुढे कमी होतात. बाईने घाबरून परस्पर गोळ्या सोडू नयेत, नर्सबाईंना विचारावे. पण विचारल्याशिवाय सहन करीतही बसू नये.

आता आपण आपल्या विदर्भातल्याच एका घटनेकडे येतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत. गावात राहणाऱ्या, कामाला जाणाऱ्या, घरीदारी राबणाऱ्या बायका. निष्कर्ष १९८९ साली इंग्लंडच्या "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी कोणता ना कोणता विकार निघाला. आणि त्यांच्यापैकी आधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या किती होत्या? फक्त ८ टक्के! पाळीच्या तक्रारी आणि अंगावरून पांढरे जाणे, योनिमार्गाचे व गर्भाशयाच्या तोंडाचे दाह, ओटीपोटातले जंतुसंसर्ग असे विकार त्यांत पुष्कळ होते. तोवर जगभरच्या आरोग्ययोजनांत खेड्यातली बाई म्हणजे बाळंतीण, एवढाच हिशेब होता. बाळंतपण सोडून इतर वेळी तिला काही होत असेल, हे कोणी गृहीतच धरले नव्हते. या दोन खेड्यांनी तो हिशेब बदलायला लावला.

यातून आपल्या विषयाचे आणखी एक सामान्य कारण पुढे येते, ते म्हणजे जंतुसंसर्ग. गर्भाशयाचे तोंड सुजलेले, लाल, हळवे असेल तर संबंधानंतर किंवा एरवीही थोडे रक्त येते. बरोबर पांढरे किंवा पिवळे जाते, वास येतो, ओटीपोट दुखते. बहुधा औषधाने हे बरे होते. मात्र पुष्कळदा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर दुखणे पुन्हा फिरून येते. इथे नवऱ्याने "मला काय झाले?" म्हणून हटू नये.

संसर्गाखेरीज गर्भाशयात किंवा त्याच्या तोंडाशी लहानसा मोड, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, किंवा गर्भाशयाच्या भिंतीत गाठ असते. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, बीजकोशाच्या कामात अनियमितपणा, काही औषधे, यांनीही पाळीचा क्रम ढळतो. नुकत्याच वयात आलेल्या मुलीची पाळी पहिली दोनतीन वर्षे मागेपुढे होते, आणि पाळी जाण्याच्या वयात, पंचेचाळिशीच्या आसपास, पुन्हा तसेच होते. गरोदरपणाच्या सुरुवातीलाही थोडा डाग पुष्कळ जणींना लागतो, आणि त्यांतल्या कित्येकींचे बाळ सुखरूप जन्मते. पण दिवस गेल्याची शंका असून डाग लागत असेल तर तपासणी केल्यावाचून राहू नये. गर्भ कधीकधी पिशवीबाहेर, नळीतच वाढू लागतो, आणि मग एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे येतात. तिथे तासांचा प्रश्न असतो.

आणि मग ते कारण, ज्याच्या भीतीने बाया बोलत नाहीत आणि ज्याच्यासाठी बोलणे सर्वांत अगत्याचे आहे, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. अवेळीच्या डागांपैकी फार थोडे यामुळे असतात. पण सुरुवातीला त्याची खूण पुष्कळदा एवढीच असते: संबंधानंतर डाग, दोन पाळ्यांच्या मधे डाग, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसलेले रक्त.

या रोगाच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राच्या एका तालुक्याचे नाव जगभर गेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे कोणाला कर्करोग झाला त्याची वही. पण खेड्यात वही भरायची तर रोगी दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहून चालत नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, धोक्याच्या खुणा सांगू लागले, अशी खूण असलेल्या बाईला तपासणीस येण्यासाठी समजावू लागले. त्यांच्यापाशी मोठे यंत्र नव्हते. तरी थोड्याच वर्षांत दिसून आले की पूर्वीपेक्षा अधिक बायकांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडतो आहे. लवकर सापडलेला हा कर्करोग बरा होतो. उशिरा सापडलेला फार क्वचित. केवळ विचारण्याने आणि सांगण्याने एवढा फरक पडला.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या शोधाबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धाराशिवच्या प्रयोगात काही गावांतल्या बायकांची या विषाणूसाठी एकदाच तपासणी केली आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार केले. २००९ साली निकाल जाहीर झाला: ज्या गटाला अशी तपासणी मिळाली नव्हती त्याच्या तुलनेने या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ज्वारीबाजरीच्या रानात राबणाऱ्या आपल्यासारख्याच बायकांनी दिलेला हा पुरावा आज जगातले डॉक्टर अभ्यासतात. आता तर तिशीपुढच्या स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे, आणि या विषाणूवर लसही निघाली आहे. डाग लागण्याची वाट न पाहता तपासून घेणे हे त्याहून उत्तम.

एवढे सांगून थांबलो तर चित्र अर्धेच राहील. न बोलण्याचे जसे दुष्परिणाम आहेत, तसे भलत्याच उपायाचेही आहेत. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यापलीकडे बीड जिल्हा आहे. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉक्टर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत कित्येक चाळिशीच्या आतल्या होत्या. पांढरे जाते, डाग लागतो, पोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली, "पिशवी सडली, कर्करोग होईल" अशी भीती घातली गेली, आणि खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून बाई टेबलावर चढली, अशा हकिकती बाहेर आल्या. काही रोगांत पिशवी काढावीच लागते, यात शंका नाही. पण साध्या डागावर तो पहिला उपाय नव्हे. कारण कोणते, तपासणी कोणती केली, दुसरा उपाय आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक बाईने आणि तिच्या घरच्यांनी विचारावेत, आणि शक्य तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

तेव्हा श्रोतेहो, घरात ध्यानात ठेवायचे ते थोडक्यात सांगतो. पाळीच्या मध्यावर कधीतरी एखादा डाग लागला आणि थांबला, तर भिऊ नये. तारीख टिपून ठेवावी. दोनतीन महिने लागोपाठ तसेच झाले, तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगून तपासून घ्यावे. संबंधानंतर डाग लागला, डागाबरोबर वास येणारे पाणी गेले, ताप आला, किंवा पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर रक्त दिसले, तर एकदाच का होईना, आठवड्याच्या आत दवाखाना गाठावा. दिवस राहिल्याची शंका असून पोट दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा तासातासाला फडके भिजत असेल, तर रात्र म्हणू नये की पाऊस म्हणू नये, १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. पुस्तकात प्रजननाचा धडा येतो आणि आपण "हा घरी वाचा" म्हणून पान उलटतो. घरी तो कोणी वाचून दाखवत नाही. मुलींना बाईंनी शांतपणे सांगावे, मुलांनाही त्यांच्या वर्गात गुरुजींनी सांगावे. कारण उद्या तेच कोणाचे तरी नवरे होणार आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहितो, गाय कधी फळली ते लिहितो, तसे मुलीने आपल्या पाळीच्या तारखेवर एक बारीक खूण करावी, एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ झाले. ओगिनो यांनी जे मोठे कोडे सोडवले, ते अशाच तारखांच्या आधाराने.

गडचिरोलीच्या दोन खेड्यांत आणि बार्शीच्या वस्त्यांत कोणीतरी दारात जाऊन बाईला विचारले, "तुला काही त्रास होतो का?" आणि ती बोलली. बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांत आज आशाताई घरोघर जातात. त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो. पण त्याही आधी तो घरात विचारला जावा. सासूने सुनेला विचारावा, आईने लेकीला विचारावा, आणि नवऱ्याने बायकोला विचारावा. उत्तर ऐकून कोणी नाक मुरडू नये, कोणी तिला बाजूला बसवू नये. आणि गरज असेल तर दुसऱ्या दिवशीच्या एस. टी. ने तिला दवाखान्यात न्यावे.